बहिष्काराच्या दुसऱ्याच दिवशी डेअरीसमोर रांग

एकशे ऐंशीपैकी एकशे बेचाळीस फ्लॅट्सनी होकार कळवला होता. आठवडाभर कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घ्यायचं नाही. काल पहिला दिवस. आज सकाळी पावणेसातला त्याच डेअरीसमोर आपल्याच सोसायटीची सात माणसं! एका काकांनी तर पिशव्या पेपरात गुंडाळल्या होत्या. गार पिशव्यांनी पेपर ओला झालेला, एका कोपऱ्यातून निळं प्लॅस्टिक डोकावतंय, आणि हे म्हणतात, "मी ब्रेड घ्यायला आलो होतो." ब्रेड ठिबकतो का हो काका?

कशासाठी चाललंय हे सगळं? कूलिंग चार्जसाठी. दूध गार ठेवायचे पिशवीमागे दोन रुपये वर. म्हणजे डेअरीवाल्याने फ्रीज लावला तो आपल्यावर उपकार म्हणून. छापील किंमत सर्व करांसहित असते, तिच्यावर एक पैसाही घेता येत नाही. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलंय. कमिशन परवडत नसेल तर दूध कंपनीशी भांड ना बाबा! पण नाही. "दोन रुपयांनी काय होतंय?" हे वाक्य फक्त पुण्यातच गिऱ्हाईक दुकानदाराच्या वतीने बोलतं. काय होतंय ते ऐका. घरटी दोन पिशव्या, एकशे ऐंशी घरं, दिवसाला ७२० रुपये, महिन्याला २१,६००. लिफ्टच्या दुरुस्तीला वर्गणी मागितली की याच लोकांचे फोन लागत नाहीत.

मुळात मुहूर्त कोणी काढला? कोजागिरीचा आठवडा! परवा गच्चीवर मसाला दूध, घराघरात पाहुणे, आणि आपण म्हणतोय दूध घेऊ नका. श्रावणात मटणावर बहिष्कार टाकला असता तर निदान यशस्वी तरी झाला असता.

आधी एक दिवसाचाच बहिष्कार करू म्हणणारेही होतेच. एका दिवसाने काही होत नाही. उरलेल्या दुधाचं तो संध्याकाळपर्यंत दही लावतो, दुसऱ्या दिवशी तेच आपल्याला वजनावर विकतो. त्याची वितरकाकडची मागणी आदल्या संध्याकाळी जाते. ती चार-पाच दिवस सलग निम्मी झाली की मग तो स्वतः बोलायला येतो. तोवर लोकांच्या चहाची सोय करावी लागते, आणि गाडी नेमकी तिथेच रुतते.

एकशे बेचाळीस घरांना दोनशे चौऱ्याऐंशी पिशव्या लागतात. अर्ध्या लिटरच्या चोवीस पिशव्यांच्या क्रेटने बारा क्रेट झाले, त्यात चार पिशव्या जादा. थेट वितरकाकडून घ्यायचे तर आकडा संध्याकाळी सातच्या आत गेला पाहिजे. इथे रात्री साडेदहाला "आमच्या दोन वाढवा, गाईचं हं" असे निरोप. पैसे आधी नाहीत. पहाटे टेम्पो आला की पिशव्या तिथल्या तिथे मोजायच्या. फुटकी निघाली तर टेम्पो हलायच्या आत परत द्यायची, नंतर कोणी बदलून देत नाही. काल मोजलं कोणी? वॉचमनने. आणि साडेआठपर्यंत क्रेट गेटवर उन्हात. ऑक्टोबर हीट आहे, तापवताना दूध फाटणारच! मग आज रांग लागली तर नवल काय.

तक्रारीचाही तोच घोळ. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरला फोन करायचा, वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे अर्ज द्यायचा, तर पुरावा लागतो. डेअरीवाला बिल देत नाही. मग एकच पिशवी घ्या, यूपीआयने पैसे द्या, पिशवीवरच्या किमतीचा आणि तारखेचा फोटो काढा. छापील २९, खात्यातून गेले ३१, विषय संपला. आपल्या लोकांनी पुरावे म्हणून काय पाठवलं? दूध, पाव, अंडी आणि अर्धा डझन केळी मिळून १४२ रुपयांचा स्क्रीनशॉट. यातले कूलिंगचे कुठले आणि केळ्यांचे कुठले, साहेबांनी ओळखायचं?

आणि हे १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी पेटवणारं शहर. ग्राहक पंचायत इथेच १९७४ मध्ये सुरू झाली. आता सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार चॉकलेट हातावर ठेवतो आणि आम्ही ते सोलून खातो. गॅसवाला पावतीवरचे सोडून वर तीस रुपये मागतो, तेही देतो, शिवाय पाणी विचारतो.

असो. दोन रुपयांसाठी एवढं रक्त आटवायचं आणि मग डॉक्टरने लिहून दिलेली बीपीची गोळी मुकाट्याने छापील किमतीला घ्यायची, असा हा सगळा हिशोब आहे.

उद्या पहाटे पाचला गेटवर क्रेट उतरवून घ्यायला दोन माणसं हवी आहेत. आत्तापर्यंत एकच नाव आलंय. पेपरवाल्या काकांचं.