आधी फलक, मग ताट

आपल्या भागातील शाळेत गरीब मुलांना लोकसहभागातून दुपारचे जेवण द्यावे, असा विचार आपल्या मनात आला असेल तर प्रथम आपले अभिनंदन. अशाच एका योजनेच्या शुभारंभास नुकताच उपस्थित राहिलो असल्यामुळे, तेथे मिळालेले ज्ञान आपल्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

प्रारंभी समिती नेमावी. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, मार्गदर्शक आणि सल्लागार ही पदे भरल्याशिवाय चूल पेटवणे सर्वथा अयोग्य होय. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मात्र समितीत घेऊ नये, कारण पाणी कोण भरणार आणि एवढी भांडी कोण घासणार, असले क्षुल्लक प्रश्न त्या पहिल्याच बैठकीत काढतात. त्यांनी मानधनाचा विषय काढल्यास सेवाभावाचे महत्त्व सांगावे.

कोणत्या मुलाला कोणता पदार्थ बाधतो, याची नोंद ठेवू नये. ती वही छायाचित्रात दिसत नाही.

गरीब मूल मात्र दुरूनही ओळखू आले पाहिजे. त्यासाठी पात्र विद्यार्थ्यांची यादी दारावर लावावी, त्यांची रांग वेगळी करावी आणि त्यांना वेगळ्या रंगाची कूपने द्यावीत. फिनलंडने १९४८ पासून शाळेतील सर्वच मुलांना मोफत जेवण देऊन या बाबतीत मोठा घोटाळा करून ठेवला आहे, आणि अमेरिकेतही मोफत जेवणारे मूल इतरांना ओळखू येईल अशी व्यवस्था करण्यास कायद्याने मनाई आहे. मग देणगीदाराने नेमके कोणाकडे पाहून गहिवरायचे?

आता उद्घाटनाविषयी. शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम ठेवावे आणि २ तासांहून अधिक काळ खोलीच्या तापमानात राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु प्रमुख पाहुण्यांच्या आगमनाची वेळ त्या संघटनेस ठाऊक नसते. आमच्या शुभारंभाला स्वयंपाक वेळेवर तयार होता, मुले हात धुऊन पंगतीत बसली होती आणि पाहुणे येत होते. ते आल्यावर स्वागत झाले, सत्कार झाले, प्रास्ताविक झाले, मग प्रास्ताविकात ज्यांचे नाव राहिले त्यांची समजूत काढण्यात आली आणि त्यानंतर भुकेल्या मुलांपुढे भुकेच्या समस्येवर प्रदीर्घ भाषण झाले. अखेर ताटे वाढली गेली. पाहुण्यांनी एका लहान मुलीला घास भरवला, पण छायाचित्रकाराचा नेम चुकला. तेव्हा तिला तोंडातला घास लवकर गिळायला सांगून, पुन्हा तोंड उघडायला लावून, वर हसायलाही सांगण्यात आले. ती हसली नाही, तर व्यासपीठावरून कोणीतरी म्हणाले, 'लाजते आहे.'

लाजत नव्हती ती. तिला भूक लागली होती, आणि लाज वाटायला हवी होती ती व्यासपीठावरच्यांना. मुलाला हात आहेत. त्याला तुमच्या हातून भरवून घ्यायची गरज नाही. त्याच्या जेवणाच्या सुट्टीतली मिनिटे तुमच्या मालकीची नाहीत, आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी न घेता त्याचा चेहरा गावभर लावण्याचा अधिकार तुम्हाला एका पोत्याच्या देणगीने मिळत नाही. स्वयंपाकाला माणसे लावता, तर त्यांना वेळेवर पैसे द्या. ती तुमच्यासारखी मिरवायला आलेली नाहीत. एक महिना जेवण देऊन दुसऱ्या महिन्यात निधी संपल्याची सूचना शाळेच्या दारावर चिकटवणार असाल, तर मुळात सुरूच करू नका, कारण घरून डबा देण्याची धडपड तुमच्या भरवशावर थांबवलेल्या आईला त्या दिवशी सकाळी काही सुचणार नाही. पूर्ण वर्षाचे धान्य, इंधन आणि मजुरी कोण देणार, हे कागदावर लिहून त्याखाली सह्या करा. सही करायची नसेल, तर निदान खुर्ची अडवून बसू नका.