बापूसाहेबांचं सोवळं

सध्या आमच्या घरात कडक सोवळं पाळणारा एकच जीव आहे आणि तो बेडूक आहे. माणसांनी ते केव्हाच गुंडाळून ठेवलं.

आम्ही सिडनीत राहतो, पॅरामॅटाच्या जवळ. लेकीला, रेवाला, कुत्रा हवा होता. घरमालक नको म्हणाला. मांजर चालली असती, पण नवऱ्याला शिंका येतात. पोपट पिंजऱ्यात कोंडायला माझा विरोध. असं करत करत वाटाघाटी घसरत घसरत बेडकापर्यंत आल्या आणि तिथे नाही म्हणायला कुणाकडे कारणच उरलं नाही.

इथे बेडूक पाळायचा म्हणजे डबक्यावर जाऊन पकडून आणायचा नाही. सरकारी परवाना लागतो. ‘बेडकाचं लायसन काढलंय’ असं साताऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही. आमचे बापूसाहेब आले केळ्यांच्या खोक्यातून. उत्तरेकडच्या क्वीन्सलँड राज्यातल्या बागेत केळीच्या घडात डुलकी काढणारा हिरवा झाडबेडूक घडासकट खोक्यात भरला जातो, ट्रकमधून सिडनीला येतो आणि इथल्या भाजीच्या दुकानात कुणीतरी किंचाळतं. कुठल्या बागेतला ते कळायला मार्ग नसतो, म्हणून परत धाडता येत नाही. इथे सोडावा, तर सोबत कुठला रोग घेऊन आलाय कुणास ठाऊक. फ्रॉग अँड टॅडपोल स्टडी ग्रुप नावाची इथली हौशी मंडळी अशा बिनतिकीट प्रवाशांना ताब्यात घेते, काही काळ वेगळं ठेवते आणि मग परवानेवाल्यांच्या पदरात घालते. आमच्या पदरात हे पडले. तळहातभर, पोपटी, डोळे अर्धवट मिटलेले आणि चेहऱ्यावर पेन्शन वेळेवर जमा होणाऱ्या माणसाचं समाधान.

हॉलमध्ये त्यांची उंच काचेची पेटी आहे. उंच, कारण स्वारी झाडावर राहणारी. जमिनीपेक्षा फांदीत रस जास्त. तळाला बारीक खडी घालायची नाही, किड्याबरोबर गिळली तर आतडं तुंबतं. वर अतिनील किरणांचा दिवा, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. थर्मोस्टॅटवर चालणारा हीटर. दिवसा पंचवीस-सव्वीस अंश, रात्री विशीच्या खाली नको. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, आम्ही तिघं स्वेटरवर शाल घेऊन सोफ्यावर कुडकुडत बसतो आणि समोर बापूसाहेब उबेत पोट पसरून झोपलेले असतात. विजेचं बिल बघून नवरा एकदा म्हणाला, ‘मीच आत जाऊन बसतो.’

आता मुख्य प्रकरण. यांना असं येता-जाता शिवता येत नाही. हातावर साबणाचा अंश नको, सनस्क्रीन नको, डासांचं मलम तर नकोच. हात स्वच्छ, खळखळून धुतलेले आणि ओलेच हवेत. यांना शिवून झाल्यावर पुन्हा हात धुवायचे, यावेळी साबणाने, कारण यांच्या अंगावरचे जंतू आपल्याला चालत नाहीत. यांची भांडी वेगळी, यांचा स्पंज वेगळा. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा हे सगळं त्यांना कसं समजवायचं याची मला धास्ती होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘अगं, म्हणजे आमच्या सासूबाईंसारखंच की. ओलेत्यानंच शिवायचं.’ विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रेवालाही पेटीपाशी उगाच फिरकू दिलं नाही.

घोळ झाला तो पाण्यावरून. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट आत. सिडनीच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन नावाचं जंतुनाशक असतं आणि ते साध्या क्लोरिनसारखं रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही. त्यासाठी बाटलीतले थेंब मिळतात, ते घालावे लागतात. सासूबाईंना थेंब म्हणजे केमिकल. त्यांनी मायेने रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी यांच्या वाडग्यात ओतायला आणलं. तांबं बेडकाला विष! मी स्वयंपाकघरातून अशी काही धावले की सासूबाई कळशी छातीशी धरून उभ्याच राहिल्या. ‘माणसांना चांगलं ते याला का नाही?’ यावर माझ्याकडे क्षारांचं, कातडीचं शास्त्रीय उत्तर होतं. पण सासूबाईंपुढे शास्त्र म्हटलं की वेगळंच शास्त्र निघतं, म्हणून मी गप्प बसले.

खरं तर हे सोवळं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. काइट्रिड नावाची एक बुरशी बेडकांच्या कातडीत शिरते, अंगातल्या क्षारांचा तोल बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. 2019 साली शास्त्रज्ञांनी मांडलेला हिशोब असा, की तिच्यापायी निदान 501 जातींची संख्या घटली आणि त्यातल्या 90 जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. तो आकडा वाचल्यापासून मी पेटीचा स्पंज चुकून ओट्यावर ठेवणाऱ्या नवऱ्याला जे बोलते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग जेवण. आमचं घर शाकाहारी, चतुर्थीला कांदाही नाही. बापूसाहेबांना मात्र जिवंत, हलणारं काहीतरी लागतं. पुण्यात असताना झुरळं मारायला माणूस बोलवायचो, त्याला पैसे द्यायचो. इथे झुरळं विकत आणतो. डबीवर किंमत असते आणि संपण्याची तारीखसुद्धा! दुकानदाराने गोठवलेली उंदराची पिल्लंही सुचवली होती. आमच्या फ्रीझरमध्ये उकडीचे मोदक असतात, एवढंच मी त्याला सांगितलं. त्याला काय कळलं देव जाणे.

शिवाय या किड्यांनाही नीट जेवू घालायचं. उपाशी किडा म्हणजे रिकामं टरफल. म्हणून आदल्या दिवशी त्यांना गाजर, पालेभाजी. मग पिशवीत कॅल्शियमची पूड टाकून हलवायची, किडे शंकरपाळ्यांवर साखर भुरभुरावी तसे पांढरे होतात. त्यातला एखादा रातकिडा निसटतो, फ्रीजमागे जातो आणि रात्रभर गातो. बापूसाहेब आतून ऐकत असतात. उठून काही करतील असं नाही.

सगळ्यात मोठा अपमान डॉक्टरांकडे झाला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना डिजिटल काट्यावर ठेवलं, त्यांनी तिथेच भीतीने पाणी सोडलं, काटा पुसून पुन्हा वजन. डोळ्यांवरची कातडीची घडी खाली ओघळली होती. ‘लठ्ठपणा,’ बाई म्हणाल्या. खाणं कमी करा. सासूबाई घरी येईपर्यंत धुसफुसत होत्या: ‘जरा अंगानं भरला की लगेच नजर लावतात.’

एका रात्री सासूबाईंनीच मला हलवून उठवलं. ‘चल लवकर, त्याला फेफरं आलंय.’ बापूसाहेब फांदीवर बसून जबडा वासत होते, पाठ कमानीसारखी वर काढत होते, पुढच्या पायांनी तोंडाकडे काहीतरी पातळ, चकचकीत ओढत होते. कात टाकत होते, आणि टाकता टाकता खातही होते. शेवटचा घास गिळताना दोन्ही डोळे आत दाबले गेले. गिळायला ते डोळ्यांचाही जोर लावतात. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ‘स्वतःचं कातडं? आणि वर याला माझं तांब्याचं पाणी चालत नाही?’

ही जात पाळलेली सोळा-सोळा वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगते. तोवर रेवा कुठल्या देशात असेल सांगता येत नाही. बापूसाहेब कुठे असतील ते मात्र मला दिसतंय. यंदा गणपतीला साताऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न तोच. कोपऱ्यावरच्या जोशीकाकूंना विचारलं. मी सगळं समजावलं: पाण्यातले थेंब, ओले हात, पूड, दिवा. काकू मन लावून ऐकत होत्या, मध्येमध्ये मानही डोलावत होत्या. झुरळांपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

‘जिवंतच लागतात का गं?’ त्या म्हणाल्या. ‘मेलेली चालत असतील तर आमच्याकडे आहेत.’