पात्र, अपात्र आणि चारकोपचे प्लॉट

२०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या साडेपाचशे कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा माझी टाइमलाइन आनंदाने भरून गेली होती. मलाही आनंदच झाला. १६० चौरस फुटांत तीन-तीन पिढ्या काढलेली माणसं ती. घरं मोफत होती, पण तेव्हा कुणी ‘फुकटे’ म्हणालं नाही. धारावीचं नाव निघालं की मात्र पहिलीच कमेंट असते, ‘यांना फुकट घरं आणि आम्ही हप्ते भरत बसायचं.’

चाळीतले आपले आणि झोपडीतले परके, असा काहीतरी हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून जी माणसं मुंबईत आली, ती गेली कुठे? लालबाग-परळच्या खोल्या आधीच भरलेल्या होत्या, तिथे गिरणी कामगार पाळ्यांनी झोपत होते. नवीन भाड्याच्या चाळी बांधणं मालकांनी कधीच सोडलं होतं, कारण १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर त्यात काही सुटत नव्हतं. मग उरलं काय? खाडीकाठ, डोंगरउतार, रेल्वेच्या कडेची जागा.

बरं, ते ‘फुकट’ प्रकरण जरा बघू. १९९५ साली युती सरकारने ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं द्यायचं जाहीर केलं आणि एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, आलं. ही घरं बिल्डर बांधतो. वस्तीची जमीन त्याच्या हातात येते, एका कोपऱ्यात तो पुनर्वसनाच्या इमारती दाटीवाटीने उभ्या करतो आणि उरलेल्या जागेवर विक्रीचे टॉवर. म्हणजे घराची किंमत जमिनीतूनच वसूल होते. त्यामुळे जिथे फ्लॅटला भाव आहे तिथे योजना पळते, आणि डोंगरावरच्या किंवा जंगलाच्या हद्दीतल्या वस्त्यांकडे कुणी फिरकत नाही. तीस वर्षं झाली, त्या ४० लाखांतल्या निम्म्यांनाही अजून घर मिळालेलं नाही.

माझा खरा राग आहे तो कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवणाऱ्या तारखेवर. वस्तीत सर्व्हे लागला की घराघरांत ट्रंका उघडतात. जुनं लाइट बिल, मतदार यादीचं पान, झोपडीधारकाचं ओळखपत्र असलेला फोटोपास, सासऱ्यांच्या नावाची शिधापत्रिका. मग परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी, लागतं आणि एका भिंतीच्या अलीकडचा पात्र, पलीकडचा अपात्र. १ जानेवारी २००० च्या आधीचे असाल तर घर मोफत, २०११पर्यंतचे असाल तर पैसे भरून, त्यानंतरचे असाल तर तुम्ही नाहीच. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा तर बहुतेक वेळा कुठल्याच यादीत बसत नाही, आणि वस्तीत सगळ्यात नवा आणि सगळ्यात गरीब सहसा तोच असतो. दर काही निवडणुकांनी तारीख पुढे सरकते, १९८५ होती ती १९९५ झाली, मग २०००. म्हणजे या तारखेला तत्त्व असं काही नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी तिच्यावर नळसुद्धा अडवले जायचे! २०१४मध्ये उच्च न्यायालयाला पालिकेला सांगावं लागलं की झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाला पाणी लागतं. पाणी हक्क समितीला त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि इमारत मिळाली म्हणजे सुटलं का? तानसा जलवाहिनीच्या कडेची कुटुंबं उठवून माहुलला नेली, रिफायनऱ्यांच्या शेजारी. तिथली हवा सहन होईना, तेव्हा लोक पुन्हा कोर्टात. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. तिथे अभ्यास झाला तर खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. झोपडीला निदान पत्र्याच्या फटीतून ऊन तरी यायचं.

यापेक्षा बरं काही याच शहरात झालंय, म्हणून जास्त चिडचिड होते. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने, पश्चिम उपनगरांतल्या चारकोप, गोराई, मालवणीत प्लॉट पाडले. लहान प्लॉट २५ चौरस मीटरच्या आसपासचे, घोळक्याने मांडलेले, मध्ये सामाईक अंगण. रस्ते, पाणी, गटार सरकारने दिलं, घर ज्याचं त्याने बांधायचं. मोठे आणि दुकानांचे प्लॉट बाजारभावाने विकून त्या पैशांवर गरिबांचे प्लॉट स्वस्त ठेवले. आमच्या आत्याला असाच एक लागला होता. आधी नुसते पत्रे, मग भिंती, काकांचा फंड मिळाल्यावर स्लॅब, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. आज खाली शिलाईचं दुकान आहे. तेव्हा चारकोप म्हणजे ‘एवढ्या लांब कोण जाणार’ अशी जागा होती. आता तिथे प्लॉट घ्यायचा विचार तरी करून बघा.

मग ते थांबलं का? माझ्या मते, मोफत फ्लॅटची घोषणा जास्त मतं आणते आणि बिल्डरला गटारं आखण्यात रस नसतो. जागा नाही हे कारण मला सांगू नका. गिरण्यांच्या सहाशेएक एकर जमिनीतला तिसरा हिस्सा १९९१च्या नियमाने म्हाडाच्या घरांना जायचा होता. २००१मध्ये नियम बदलून तो फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यांपुरता ठेवला. आता धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांसाठी मिठागरं आणि देवनारच्या डंपिंगची जमीन काढलीय. मिठागरांवर बांधकाम मला पटत नाही आणि कचऱ्याच्या डोंगरावर तर मुळीच नाही, पण जागा सापडते एवढं त्यातून दिसलं.

आज नव्याने येणारा माणूस धारावीत येतही नाही. तो मुंबईबाहेर दिवा, भिवंडी, नालासोपाऱ्याला उतरतो. २०२५च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात सांडपाणी केंद्राच्या आरक्षित जागेवरच्या ४१ बेकायदा इमारती पाडल्या. तिथल्या अनेकांनी घरं विकत घेतली होती, रोख पैसे मोजून. चारकोपसारखा प्लॉट कुणी वीस वर्षांपूर्वी तिथे आखून दिला असता, तर तेच पैसे त्यांनी स्वतःच्या भिंतींना लावले असते.