एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर : 'सगळ्यात अचूक' बुलेट आणि छर्ऱ्यांचा डबा

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. टेक्सासमध्ये राहणाऱ्या तुमच्या मेव्हण्यांच्या .308 (म्हणजे 0.308 इंच जाडीची गोळी मारणाऱ्या) रायफलसाठी, हरणाएवढ्या जनावराला सगळ्यात अचूक बुलेट कोणती हे तुम्ही विचारलंत. त्यावर मी 'त्यांच्याच रायफलमध्ये मारून बघावी लागेल' असं सांगून टाळाटाळ केली, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय आमच्याकडचा महागातला डबा फालतू निघाला, मुरबाडच्या फार्महाऊसवर 30 मीटरवर छर्रे वीतभर पसरले. आणि रानडुकराला चालेल असा छर्रा मागितला तर भाषण ऐकावं लागलं.

आधी मेव्हण्यांचं सांगतो. आम्ही ठाण्यात एअर रायफल आणि छर्रे विकतो, .308 ची काडतुसं आमच्याकडे मिळत नाहीत. पण विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अचूकता एकट्या बुलेटची नसते, बुलेट आणि बॅरल यांच्या जोडीची असते. एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन रायफलींना वेगवेगळी बुलेट मानवते. बॅरलच्या आत गोळीला गिरकी देणाऱ्या पीळदार खाचा असतात, .308 मध्ये त्यांचा साधारण 10 किंवा 12 इंचांत एक पीळ असतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची बुलेट लांब होते आणि लांब बुलेटला जास्त पीळ लागतो. म्हणून शेजाऱ्याच्या रायफलमध्ये उत्तम चालणारी बुलेट मेव्हण्यांच्या रायफलमध्ये पसरू शकते. 150 ते 168 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) मधल्या दोन-तीन जातीच्या शिकारीच्या बुलेट आणून प्रत्येकीचे पाच-पाच बार कागदावर मारायचे, मधे-मधे बॅरल थंड होऊ द्यायचं. तीन बारांच्या ग्रुपवर, म्हणजे कागदावरच्या भोकांच्या पुंजक्यावर, भरवसा ठेवू नये. थंड बॅरलमधून पहिली गोळी कुठे जाते तेही वेगळं बघावं, कारण जंगलात बहुतेक वेळा तेवढीच एक संधी मिळते.

मॅच बुलेट, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची बुलेट, कागदावर सगळ्यात छोटा ग्रुप देते म्हणून मेव्हण्यांनी ती घ्यावी, असं तुम्ही सुचवलं होतंत. कृपा करून तसं सांगू नका. तिच्या टोकाला बारीक छिद्र असतं, पण ते बनवण्याच्या पद्धतीमुळे राहतं, जनावराच्या शरीरात उमलण्यासाठी, म्हणजे फुलासारखं पसरण्यासाठी, नव्हे. ती कधी न उमलता आरपार जाते, कधी वरच्यावर फुटते. जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडतं. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग 8 ते 10 इंचांचा असतो. 100 यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप देणारी, पण नीट उमलणारी सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं असलेली) किंवा बॉन्डेड (शिसं आणि आवरण एकजीव केलेली) बुलेट तिथे पाऊण इंचवाल्या मॅच बुलेटपेक्षा शंभर पटींनी चांगली.

आता तुमचा डबा. तो सपाट तोंडाचा छर्रा आहे, बिलावरही '10 मी. मॅच' लिहिलंय. 10 मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि सपाट तोंड कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतं, त्यासाठीच ते तसं असतं. 30 मीटरवर तेच तोंड हवेला अडतं, छर्रा डगमगतो. तिथे गोल डोक्याचा छर्रा हवा. डब्यावरच्या छोट्या स्टिकरवर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे असतात, ते छर्ऱ्याच्या डोक्याचं मिलिमीटरमधलं माप. तुमच्या बॅरलला कुठलं माप बसतं ते मारल्याशिवाय कळत नाही.

रायफल विटांच्या कठड्यावर टेकवून, घट्ट धरून मारली, असंही तुम्ही लिहिलंय. स्प्रिंगच्या रायफलला हे अजिबात चालत नाही. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्टन पुढे धावतो आणि अख्खी रायफल हलते. कडक टेका दिला की प्रत्येक बार वेगळीकडे. डावा तळवा मऊ पिशवीवर ठेवून त्यावर रायफल नुसती ठेवा, पकड सैल.

रानडुकराबाबत मी दुकानात बोललो ते इथे सगळ्यांसमोर पुन्हा सांगतो. परवाना न लागणाऱ्या एअर रायफलची ताकद कायद्यानेच 20 ज्यूलच्या आत, .308 ची साडेतीन हजारांच्या आसपास. या छर्ऱ्याने डुक्कर मरणार नाही, फक्त जखमी होईल. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. शेताचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करा. त्या कामासाठी कुणी कितीही पैसे दिले तरी आम्ही छर्रे देणार नाही.

रायफल घेऊन एकदा या. गोल डोक्याच्या तीन-चार मापांचे सुटे छर्रे आमच्या 10 मीटरच्या लेनवर मारून बघू, त्याचे पैसे नाहीत. माप एकदा ठरलं की 30 मीटरचं झिरो (नेम जिथे धरला तिथेच छर्रा लागेल अशी जुळवणी) तुम्हाला मुरबाडलाच करावं लागेल. सपाट छर्ऱ्यांचा डबा फोडलेला असल्यामुळे परत घेता येणार नाही, पण 10 मीटरच्या सरावाला तो उत्तम आहे, टाकून देऊ नका. येण्याआधी फोन करा, म्हणजे लेन मोकळी ठेवतो.