भाकरीसाठी परत आलेला मुलगा

माझ्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो दुष्काळात. 1876 ते 78 चा तो मोठा दुष्काळ. गाव नगर जिल्ह्यातलं, आणि सुकाळातही गावच्या विहिरीला हात लावायची आमच्या लोकांना मुभा नव्हती. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरमध्ये होतं, त्यांच्या कामावर खडी फोडायला खापरपणजोबा गेले आणि वर्षभरात कुटुंबासह ख्रिस्ती झाले. "पोटासाठी देव बदलला" हे वाक्य तेव्हापासून आमच्या घराच्या मागे आहे. मी शाळेत असताना वर्गातल्या मुलींकडून ते ऐकलं आणि घरी येऊन रडले. पप्पांनी जवळ बसवून सांगितलं, "पोट देवानेच दिलंय ना बाळा? मग पोटाच्या वाटेने तो बोलावणार नाही का?"

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या मंडळीतला एक तरुण. आठ-दहा वर्षं तो चर्चकडे फिरकला नव्हता. धंद्यात बुडाला, कर्ज झालं, बायको माहेरी गेली. गेल्या महिन्यात तो प्रार्थनासभेला आला, दाराजवळ चपला काढून कोपऱ्यात बसला. सभा संपल्यावर स्वयंपाकघरात चहा ओतताना एक जण हळूच म्हणाले, "अडचण आली की बरा देव आठवतो." माझ्या हातातली किटली थरथरली. हेच वाक्य, शब्दाला शब्द, 2021 मध्ये माझ्यासाठी म्हटलं गेलं होतं.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. 2013 मध्ये माझा धाकटा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला. चोवीस वर्षांचा होता. दफनविधीनंतर एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की तुम्हा घरच्यांना जवळ आणण्यासाठीच प्रभूने हे केलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आज कळतं. पण त्या दिवशी मी मनात म्हटलं, मला जवळ आणायला माझा भाऊ मारणारा देव मला नको. आणि मी खरंच गेले. उपासना सुटली, प्रभुभोजन सुटलं, नाताळला फक्त आईसाठी घरी जायचे.

मग 2021 चा मे महिना. पप्पा ऑक्सिजनवर, आम्ही बाहेर. आत सोडत नव्हते. रात्री तीनच्या सुमारास दवाखान्याच्या जिन्यावर बसले होते आणि तोंडातून आपोआप 23 वं स्तोत्र यायला लागलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." रविवारच्या शब्बाथशाळेत बक्षिसासाठी पाठ केलेलं. मी काही पश्चात्ताप वगैरे केला नव्हता. मला फक्त पप्पा हवे होते. चौथ्या दिवशी पप्पा गेले. कबरेपाशी आम्ही चौघं, गाणं नाही, मंडळी नाही.

म्हणजे मी जे मागितलं ते मिळालंच नाही. तरी त्या जिन्यावर मी एकटी नव्हते, एवढं मला पक्कं माहीत आहे. हे कुणाला पटवून देता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही.

म्हणून येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट, त्याचा दाखला, आता मी वेगळ्याच डोळ्यांनी वाचते. बायबलमधला लूक 15 उघडा आणि नीट बघा. मुलगा सगळं उडवतो, मग त्या देशात दुष्काळ पडतो. डुकरांपुढच्या शेंगांनी पोट भरावं असं त्याला वाटतं. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला पहिली आठवण कशाची होते? बापाच्या प्रेमाची नाही. आपण बापाचं मन दुखावलं, याचीही नाही. बापाच्या घरी मोलकऱ्यांनाही भाकरी पुरून उरते आणि मी इथे भुकेने मरतोय, हा त्याचा पहिला विचार. क्षमेचे शब्द तो नंतर जुळवतो. पाप केलं, पुत्र म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा, असं सगळं तो ठरवून निघतो. आणि बाप ते पुरतं बोलूही देत नाही. मोलकऱ्याचं वाक्य त्याच्या तोंडातच राहतं, तोवर झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला, अशी हाक गेलेली असते. तू का आलास, हे त्या बापाने विचारलंच नाही. मग चहा ओतता ओतता ते विचारणारे आपण कोण?

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातली तिची सासू नामीही अशीच. सगळे रूथचं कौतुक करतात, मला नामीच जवळची वाटते. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडलं. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि भाकरीच्या घरातच भाकरी नव्हती. परक्या मवाब देशात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. आपल्या देशात पुन्हा अन्न मिळू लागलंय हे कानावर आलं, तेव्हा ती निघाली. सातूची कापणी सुरू होत होती. वेशीत बाया विचारतात, ही नामी काय? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. देवावरचा राग घेऊनच ती देवाच्या लोकांत परतली, आणि शास्त्राने तिचं ते बोलणं गाळलं नाही, तिला दटावलंही नाही. साक्ष द्यायला उभं राहिल्यावर हसऱ्या तोंडानेच बोललं पाहिजे, हे आपण कुठून आणलं?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई, थोरली बहीण उपासमारीने गेले. पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पती कॉलऱ्याने गेले, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. इतक्या विद्वान बाईने हे कबूल केलं, याचा मला फार आधार वाटतो. आणि 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या, उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. त्यांनी भूक पाहिली होती. तू जेवणासाठी आलीस का, असं त्या कुठल्या मुलीला विचारतील?

माझं आपल्या लोकांना कळकळीचं सांगणं आहे. दुःखात असलेल्या माणसाला, देवाने तुला वळवण्यासाठीच हे केलं, असं सांगू नका. तसं म्हणायचा हक्क असलाच तर त्या माणसाचा स्वतःचा, आणि तोही कित्येक वर्षांनी. 119 व्या स्तोत्रात "मी पीडित झालो हे बरे झाले" असं जो म्हणतो, तो स्वतःच्या पीडेबद्दल म्हणतोय, शेजाऱ्याच्या नाही. तुम्ही डबा द्या. सोबत बसा. कर्जाचे कागद वाचता येत असतील तर ते वाचून द्या.

2021 च्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा उपासनेला गेले तेव्हा मागच्या बाकावर बसले. "अडचण आली की बरा देव आठवतो" हे वाक्य कानावर आलं होतं, उठून जावं असं वाटत होतं. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी काही बोलल्या नाहीत. थोड्या सरकल्या, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं, गीतावर बोट ठेवलं आणि पुस्तक अर्धं माझ्याकडे धरलं. मला गाता आलं नाही. त्यांनी पुस्तक शेवटच्या कडव्यापर्यंत तसंच धरून ठेवलं.

मावशी आता नाहीत. तो तरुण गेल्या रविवारी पुन्हा आला होता. मी सरकून जागा केली.