एक्स-रे नॉर्मल आला, तरी आमवात असू शकतो

थंडी पडली की इंदूरच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो. रामबागेपासून सुखलियापर्यंत सगळ्यांकडे तो पोचलाय. त्याचा सारांश असा: बोटं सुजली तर हाताचा एक्स-रे काढा, नॉर्मल आला म्हणजे आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) नाही. सोनोग्राफी पोटाची असते, सांध्यांची नाही. एमआरआयचे किरण अंगात साठतात. डॉक्टर हे सगळं कमिशनसाठी लिहितात. मेथीचे लाडू खा आणि सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढा.

मी एक्स-रे काढण्याचंच काम करते. हा संदेश वाचून थांबलेल्या बायका आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना ब्लाउजची हुकं लावता येत नसतात. म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक दावा पहिलाच. एक्स-रेवर दिसतं ते मुख्यतः हाड, आणि आमवाताची सुरुवात होते सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरात. ते अस्तर सुजतं, जाड होतं, सांध्यात पाणी साठतं. या टप्प्यावर फिल्म बहुतेकदा स्वच्छ येते. हाडाची कड कुरतडली जाऊन तिथे खाच दिसायला महिने लागतात, कधी वर्षं. म्हणजे नॉर्मल एक्स-रेचा अर्थ एवढाच, की हाडाचं दिसण्याजोगं नुकसान अजून झालेलं नाही. उपचार सुरू करायची खरी वेळ तीच. आमवात ओळखण्याच्या 1987च्या निकषांत एक्स-रेवरचे बदल मोजले जात. अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञांनी 2010मध्ये नवे निकष आणले, त्यांच्या गुणांकनात एक्स-रे नाही. किती आणि कोणते सांधे सुजलेत किंवा दुखतात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या, सूज सांगणाऱ्या ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्या, आणि त्रास सहा आठवडे टिकला का, यांवर 10 पैकी 6 गुण झाले की निदान पक्कं धरतात. एकटा आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये. कित्येक रुग्णांत तो निगेटिव्हच असतो.

तरीही एक्स-रे काढावा. पुढे तुलना करायला सुरुवातीची फिल्म लागते. पण पायांचाही काढावा, हे संदेशात नाही. पहिली खाच पुष्कळदा करंगळीच्या मुळाशी, पायाच्या, दिसते, आणि आपण हाताचीच फिल्म घेऊन घरी जातो.

सोनोग्राफी सांध्यांची होते. त्यासाठी उथळ भाग बारकाईने दाखवणारा प्रोब असतो. हाताने चाचपून कळणार नाही एवढी अस्तराची जाडीही त्यात दिसते. सोनोग्राफी यंत्रातली पॉवर डॉपलर ही सोय लावली की अस्तरात वाढलेला रक्तप्रवाह रंगात उमटतो, म्हणजे सूज आत्ता पेटलेली आहे का ते कळतं. मात्र सांध्यांची सोनोग्राफी करण्याचा सराव असलेल्याकडेच करावी, कारण निष्कर्ष बराचसा करणाऱ्याच्या हातावर असतो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच; चुंबक आणि रेडिओलहरी असतात. साठायला किरण आणायचे कुठून? काळजी घ्यायची ती पेसमेकरची, आणि कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर किडनीच्या आजाराची व गरोदरपणाची. हाडाच्या आतली सूज मात्र एमआरआयच दाखवतो, सोनोग्राफीला ती दिसत नाही. पुढे खाच कुठे पडेल, याचा ही हाडातली सूज आधी इशारा देते.

राहिला कमिशनचा आरोप. प्रत्येक भेटीत सोनोग्राफी लागत नाही, हे मीही म्हणेन. स्कॉटलंड आणि नॉर्वेत रुग्णांवर झालेल्या दोन अभ्यासांचे निकाल 2016मध्ये आले. डॉक्टर सांधे नीट तपासून काटेकोर उपचार करत असतील, तर वारंवार सोनोग्राफी करून औषध ठरवल्याने रुग्णांचा विशेष जास्त फायदा झाला नाही. तपासणी कशासाठी, तिने औषध बदलणार आहे का, हे जरूर विचारा. पण निदान अडलंय, अशा वेळी ती नाकारणं वेगळं.

लाडू खुशाल खा. सहा महिने मात्र थांबू नका. युरोपीय मार्गदर्शन सांगतं, सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांत संधिवाततज्ज्ञाने पाहावं, आणि आजार टिकण्याची शक्यता असेल तर तीन महिन्यांत औषध सुरू व्हावं. सकाळी बोटं अर्धा-पाऊण तास आखडत असतील, मूठ वळत नसेल, तर हातात नॉर्मल फिल्म असली तरी या आठवड्यातच नंबर लावा.