लूप ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर घेताय? आधी एसी केबिनची कडी लावा

लूप म्हणजे मोजमाप बघून व्हॉल्व्ह आपोआप कमीजास्त करणारी साखळी, आणि ट्यूनिंग म्हणजे तिने किती जोरात, किती वेगाने हलायचं ते आकडे ठरवणं. पहिली गोष्ट, प्लांटमध्ये फिरकू नका. गेलात की पॅनेलवरचा ऑपरेटर सांगणार, साहेब तो स्टीम फ्लोचा लूप ऑटोवर टाकला की हंटिंग करतो, सारखा वरखाली झुलतो, म्हणून आम्ही मॅन्युअलवरच ठेवलाय, मग तुम्हाला उगाच खाली उतरून कंट्रोल व्हॉल्व्ह बघावा लागणार आणि तिथं कळणार की गळती थांबवायला कुणीतरी ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबणारा भाग) इतकी आवळलीय की कंट्रोलरचं आउटपुट दोन टक्के वाढलं तरी स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, जागचा हलत नाही आणि हलला की एकदम उडी मारतो. आता हे ट्यूनिंगने सुटत नाही हे तुम्हालाही कळतं. आजार रेड्याला नि औषध पखालीला, मान्य, पण यंदा बजेट पखालीच्या औषधाचं मंजूर झालंय ना! पॅकिंगच्या सेटला कोण विचारतो.

डेमो मात्र मन लावून बघा. त्यात एक टाकी असते, व्हॉल्व्ह कधी अडकत नाही, सिग्नलला नॉइज नसतो आणि बटण दाबलं की पीव्ही (मोजलेली किंमत) सेटपॉइंटवर (हव्या त्या किंमतीवर) अलगद येऊन बसते. टाळ्या वाजवा, एआय आहे का विचारा (आहेच म्हणतात). फक्त बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या लेव्हलचं नाव काढू नका. फीडवॉटर वाढवलं की थंड पाण्याने ड्रममधले बुडबुडे बसतात आणि लेव्हल आधी खाली जाते, मग वर चढायला लागते ती चढतच राहते, नवीन जागी स्थिरावत नाही. तुमचं सॉफ्टवेअर ती स्थिर व्हायची वाट बघतं का, असं विचारलंत तर बिचारा सेल्सवाला "बॅकएंडला विचारून सांगतो" म्हणेल आणि चहा गार होईल.

बम्प टेस्टला (आउटपुटला मुद्दाम छोटा धक्का देऊन प्रोसेस कशी वागते ते बघायला) प्रॉडक्शनवाले हो म्हणणार नाहीत, त्यामुळे "टेस्टची गरजच नाही, हिस्टोरियनचा (प्लांटच्या जुन्या नोंदी साठवणाऱ्या सिस्टिमचा) डेटा द्या" म्हणणारं पॅकेज बघा. डेटा एक मिनिटाच्या ॲव्हरेजचा आहे, वर कॉम्प्रेशन लावलंय, फ्लोचा लूप काही सेकंदात सेटल होतो आणि तो बरेच महिने मॅन्युअलवर आहे म्हणजे व्हॉल्व्ह हललेलाच नाही, या असल्या शंका काढू नका. जे हललंच नाही त्याचं मॉडेलसुद्धा तीन दशांश स्थळांपर्यंत निघतं आणि रिपोर्ट रंगीत येतो!

पद्धतींची यादी जेवढी लांब तेवढं सॉफ्टवेअर भारी. झिग्लर-निकोल्स तर हवंच, १९४२ सालचं आहे, त्यात लूप झुलत राहतो, प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या पावपट होत जाते, ट्रेंडवर काहीतरी चाललंय असं तरी दिसतं. लॅम्डा पद्धतवालं टाळा. ते तुम्हालाच विचारतं की लूप किती वेगाने हवाय, म्हणजे परत प्रोसेसवाल्यांशी बोलणं आलं, नसती उठाठेव.

आलेले आकडे जसेच्या तसे टाका. सॉफ्टवेअर गेन (चूक दिसली की कंट्रोलरने किती पट जोराने हलायचं) ०.५ म्हणालं आणि तुमच्या जुन्या कंट्रोलरवर प्रपोर्शनल बँडचा, म्हणजे गेनच्या उलट चालणारा, रकाना असला तरी ०.५च टाका. गेन ०.५ म्हणजे बँड २०० टक्के, तुम्ही ०.५ टक्के टाकलात की गेन २००, म्हणजे हवा त्याच्या चारशेपट, पण रिस्पॉन्स फास्ट पाहिजे असं तुम्हीच मीटिंगमध्ये म्हणाला होतात की! इंटिग्रल (उरलेली चूक हळूहळू भरून काढणारा आकडा) सेकंदात की मिनिटात की रिपीट्स पर मिनिट, कंट्रोलरचं सूत्र सिरीज की पॅरलल, हे ज्याने डीसीएस (प्लांटची कंट्रोल सिस्टिम) बसवला त्याला माहीत असणार, तो आता दुबईला असतो.

आणि ऑर्डर देताना केपीआय (यश मोजायचा आकडा) "ऑटोमध्ये असलेले लूप, टक्के" हाच ठरवून घ्या. ऑपरेटरला फार शिकवावं लागत नाही, आउटपुटची हाय लिमिट ४२ आणि लो लिमिट पण ४२ टाकली की लूप दिवसरात्र ऑटोवर, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही आणि डॅशबोर्ड हिरवागार. एएमसी (देखभालीचा करार) तीन वर्षांची एकदम घ्या, डिस्काउंट मिळतो.